दूरचित्रवाणीवरील गवंडी कोठे शिकला?

आमच्या खानदेशात घराला रंग देण्याचा हंगाम दिवाळीइतकाच कानबाई या देवीच्या सणाचाही असतो. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाईची स्थापना होते आणि त्याआधीच्या पंधरवड्यात घरोघरी भिंती खरवडल्या जातात, दारांना नवा हात दिला जातो, भांडीकुंडी उन्हाला निघतात. ऐन पावसाळ्यात रंगकाम करू नये असे मी तंत्रनिकेतनात सव्वीस वर्षे मुलांना शिकवले आणि तितकीच वर्षे स्वतःच्या घरी ऐन पावसाळ्यातच रंगकाम करून घेतले. कानबाईपुढे स्थापत्यशास्त्राचे काही चालत नाही.

यंदा याच पंधरवड्यात चोपड्याहून पुतण्याचा फोन आला. त्याने गावाबाहेर, पूर्वी केळीचा बाग असलेल्या जमिनीवर नवे घर बांधले आहे. घराचा आणि अंगणाचा दोन दिवसांत कायापालट करून दाखवणारे परदेशी कार्यक्रम तो आणि सूनबाई गेले वर्षभर रोज रात्री पाहत होते आणि त्यातून त्यांनी बेत आखला होता. गच्चीवर वीस बाय पंधरा फुटांची हिरवळ करायची, घराच्या चारही बाजूंनी भिंतीला लागून फुलांचे वाफे काढायचे आणि दिवाणखान्याच्या एका भिंतीला दगडी मुलामा द्यायचा. अडचण एवढीच होती की गवंड्याने काम सुरू करण्यास नकार दिला होता. मी गवंड्याशी बोलू लागले तेव्हा तो म्हणाला, ‘‘ताई, आठेनी माती त्याले माहीत शे का?’’ त्याचा रोख पुतण्यावर नसून पडद्यावरच्या निवेदकावर होता. मग त्याने आणखी एक प्रश्न विचारला, जो मला वर्षानुवर्षे हे कार्यक्रम पाहूनही कधी पडला नव्हता : तो माणूस हे काम शिकला कोठे?

गवंड्याच्या दृष्टीने हा प्रश्न अगदी साधा आहे. तो स्वतः वडिलांच्या हाताखाली आधी माल कालवायला, मग विटा द्यायला आणि चार वर्षांनी थापी धरायला शिकला. नवा गवंडी आला की त्याचा गुरू कोण, हे तो पहिल्यांदा विचारतो. मी मात्र पदविका, पदवी, परवाना या भाषेत विचार करणारी असल्याने त्याच प्रश्नाचे उत्तर माझ्या परीने शोधू लागले.

पहिली लक्षात आलेली गोष्ट अशी की या कार्यक्रमांच्या सुरुवातीच्या काळात निवेदक आणि कारागीर ही दोन वेगळी माणसे असत. अमेरिकेत 1979 साली बोस्टनच्या सार्वजनिक वाहिनीवर ‘धिस ओल्ड हाउस’ सुरू झाले. त्याचा निवेदक बॉब व्हिला हा पत्रकारितेचा पदवीधर होता. घरदुरुस्तीचा व्यवसायही तो करीत असे, परंतु पडद्यावरचे त्याचे मुख्य काम प्रश्न विचारण्याचे होते. उत्तरे देत असे तो नॉर्म अब्राम, जो सुतारकाम आपल्या वडिलांकडून शिकला होता, आणि नळकामाविषयी बोलत असे तो रिचर्ड ट्रेथवी, ज्याच्या घराण्यात तो धंदा पिढीजात होता. आपल्याकडे दूरदर्शनच्या ‘आमची माती आमची माणसं’ या कार्यक्रमाची आणि आकाशवाणीवरील शेतीविषयक कार्यक्रमांचीही घडण हीच होती. निवेदक विचारणार आणि कृषी विद्यापीठातील तज्ज्ञ सांगणार, आणि सांगण्यापूर्वी त्या तज्ज्ञाचे नाव, हुद्दा आणि विभाग श्रोत्यांना कळणार. माझे सासरे केळीवरील रोगाविषयी काही ऐकून आले की ‘राहुरीचे साहेब म्हणाले’ असे सांगत, कधीही ‘रेडिओ म्हणाला’ असे म्हणत नसत. आज मला त्या फरकाचे मोल वाटते.

पुढे कधीतरी या दोन माणसांचा एक माणूस झाला. जो बोलतो तोच हातात ड्रिल धरतो, तोच भिंत पाडायला सांगतो आणि शेवटी घरमालकाच्या डोळ्यांवरची पट्टीही तोच सोडतो. प्रेक्षकाच्या मनात त्यामुळे जी गफलत होते ती स्वाभाविक आहे, कारण ज्याच्या हातात ओळंबा दिसतो तो गवंडी, असे आपण धरून चालतो.

मात्र ‘हे सगळे नुसते नट आहेत’ असा सरसकट निकाल देणेही खरे नाही. बीबीसीवर 1997 पासून चाललेल्या ‘ग्राउंड फोर्स’ या बागेच्या कार्यक्रमाचा ॲलन टिचमार्श पंधराव्या वर्षी शाळा सोडून यॉर्कशरमधील इल्कली या आपल्या गावच्या नगरपालिकेच्या रोपवाटिकेत शिकाऊ माळी म्हणून लागला होता. तेथून तो उद्यानविद्येच्या शिक्षणाकडे वळला आणि अखेर लंडनच्या क्यू येथील शाही वनस्पती उद्यानाची पदविका त्याने मिळवली. क्यूची पदविका म्हणजे उद्यानविद्येत जगभर मान असलेली गोष्ट आहे. त्याच्यासोबतची चार्ली डिमॉक, जिच्या कारंज्यांची त्या काळी फार चर्चा होई, तीही उद्यानविद्या शिकलेली होती आणि पाण्यातील झाडांच्या रोपवाटिकेत काम करीत होती. तिसरा टॉमी वॉल्श हा बांधकामाच्या धंद्यातलाच माणूस होता. म्हणजे दोन दिवसांत बाग उभी करण्याचा तो खेळ कितीही नाटकी असला तरी खेळणारे तिघेही आपल्या कामात मुरलेले होते.

त्याच सुमारास त्याच बीबीसीवर ‘चेंजिंग रूम्स’ चालू होते. दोन शेजाऱ्यांनी घरे बदलायची, दोन दिवसांची मुदत, पाचशे पौंडांची मर्यादा आणि एकमेकांच्या घरातील एक खोली बदलून टाकायची, अशी त्याची रचना होती. त्यातला सर्वांत गाजलेला सजावटकार लॉरेन्स लेवेलिन-बोवेन हा ललित कलेचा पदवीधर होता आणि रंगसंगतीपुरते ते शिक्षण पुरेसेही होते. अडचण तेव्हा येते, जेव्हा रंगसंगती जाणणारा माणूस वजन टांगू लागतो. त्या कार्यक्रमात लिंडा बार्कर या सजावटकार बाईंनी एका घरात टांगत्या फळ्यांची रचना केली आणि घरमालकिणीने जमवलेल्या जुन्या दुर्मिळ चहाच्या किटल्या त्यांवर मांडल्या. फळ्या कोसळल्या आणि सुमारे सहा हजार पौंडांचा तो संग्रह फुटून गेला. माझ्या वर्गातल्या दुसऱ्या वर्षाच्या कोणत्याही मुलाने फळीवर किती भार येईल आणि तो कोणत्या टोकाला जाईल हे पाच मिनिटांत मांडून दाखवले असते. तरीही दोष बाईंच्या पदवीचा नाही, कारण ते काम त्यांच्या पदवीत बसतच नव्हते आणि ज्याच्या पदवीत बसते असा कोणी त्या खोलीत आहे की नाही, हे कार्यक्रमाने पाहायला हवे होते.

याच्या अगदी उलट टोकाला मला मॉन्टी डॉन दिसतो. ‘गार्डनर्स वर्ल्ड’ हा बीबीसीचा बागकामाचा कार्यक्रम 1968 पासून चालू आहे. 1969 पासून तो सांभाळणारा पर्सी थ्रोअर आयुष्यभर माळीकाम केलेला, विंडसरच्या राजवाड्याच्या बागेत राबलेला आणि श्रूजबरी शहराच्या उद्यानांचा प्रमुख राहिलेला माणूस होता. 2003 मध्ये डॉनकडे तो कार्यक्रम आला तेव्हा प्रथमच त्या जागी असा मनुष्य आला, ज्याने उद्यानविद्येचे रीतसर शिक्षण घेतले नव्हते. डॉन केंब्रिजला इंग्रजी साहित्य शिकला होता आणि पुढे त्याचा दागिन्यांचा व्यवसाय बुडाला होता. परंतु आपण स्वतःच्या बागेत शिकलेला हौशी माळी आहोत हे त्याने कधी लपवले नाही. पडद्यावर तो स्वतःच्याच बागेत, स्वतःच्याच चुका दाखवीत काम करतो. प्रमाणपत्र नसताना विश्वास बसू शकतो, तो असा. आणि प्रमाणपत्र असूनही तो जाऊ शकतो, कारण वर सांगितलेल्या थ्रोअरने एका रसायन कंपनीच्या जाहिरातीत काम केल्यावर बीबीसीने त्याला त्या कार्यक्रमातून काढले. बॉब व्हिलालाही 1989 मध्ये जाहिरातीच्याच वादातून ‘धिस ओल्ड हाउस’ सोडावे लागले. आज युट्युबवर जो माणूस कुंडीपासून रंगाच्या डब्यापर्यंत सगळ्याची शिफारस करतो, त्याला असले बंधन कोणी घालीत नाही, हे जाता जाता नोंदवते.

प्रमाणपत्र म्हणजे केवळ भिंतीवर टांगायचा कागद नव्हे, याचे सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकेतील ‘फिक्सर अपर’ या कार्यक्रमाचे आहे. टेक्सासमधील वेको या शहरात चिप आणि जोॲना गेन्स हे दांपत्य जुनी घरे नवी करून दाखवीत असे. तिची पदवी संज्ञापनाची, त्याची विपणनाची, आणि घरे दुरुस्त करण्याचा अनुभव मात्र दोघांचा खरा. अमेरिकेत 1978 साली घरगुती रंगांत शिसे वापरण्यावर बंदी आली, त्यामुळे त्यापूर्वीच्या घरांत जुना रंग खरवडताना शिसेयुक्त धूळ उडते आणि ती लहान मुलांच्या मेंदूला घातक असते. म्हणून तेथे 2010 पासून अशा घरांत काम करणाऱ्या संस्थेकडे आणि कामगारांकडे शिशापासून सुरक्षित काम करण्याचे प्रशिक्षण व प्रमाणपत्र असणे सक्तीचे आहे. तेथील पर्यावरण संरक्षण विभागाने कार्यक्रमाचे चित्रण पाहिले आणि त्यात ही काळजी घेतलेली दिसत नाही असा आक्षेप घेतला. 2018 मध्ये गेन्स यांच्या कंपनीने चाळीस हजार डॉलर दंड भरून प्रकरण मिटवले आणि शिशाचे निर्मूलन करण्यासाठी आणखी एक लाख साठ हजार डॉलर खर्च करण्याचे मान्य केले. ज्या कॅमेऱ्याने त्यांना घराघरांत पोहोचवले तोच त्यांच्याविरुद्ध साक्षीला उभा राहिला.

हे वाचताना मला कानबाईच्या पंधरवड्यातील आमचे दरवाजे आठवले. आपल्याकडे घरगुती रंगांतील शिशाची मर्यादा दहा लाख भागांत 90 भाग अशी ठरवणारे नियम 2016 साली झाले आणि 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाले. त्याआधीची दारे-खिडक्या ज्यांच्या घरी आहेत, त्यांच्या तैलरंगाच्या थरांत काय आहे ते सांगता येत नाही. आणि आम्ही दरवर्षी तोच थर कोरड्या पॉलिश पेपरने घासतो, धूळ उडते आणि अंगणात नातवंडे खेळत असतात. पाणी मारून घासावे, मुलांना दूर ठेवावे आणि धूळ ओल्या फडक्याने टिपावी, एवढे जरी एखाद्या निवेदकाने सांगितले असते तरी मी त्याला त्याची पदवी विचारली नसती.

कायदा याबाबतीत फारशी मदत करीत नाही. आपल्याकडे 1972 चा वास्तुविशारद अधिनियम आहे. वास्तुविशारद परिषदेकडे नोंदणी नसलेल्या माणसाने स्वतःला ‘आर्किटेक्ट’ म्हणवून घेऊ नये, असे तो सांगतो. परंतु सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केले की या कायद्याने संरक्षण मिळते ते पदनामाला, कामाला नव्हे. म्हणजे नोंदणी नसलेला माणूस आराखडे काढू शकतो, फक्त पाटीवर तो शब्द लावू शकत नाही. गंमत म्हणजे ‘लँडस्केप आर्किटेक्ट’ या शब्दाला याच कायद्याने सूट दिली आहे आणि ‘इंटिरिअर डिझायनर’ ही पाटी तर कोणालाही लावता येते. ब्रिटनमध्येही 1997 च्या कायद्याने पदनामच राखले गेले आहे. तेथील ‘ग्रँड डिझाइन्स’ या कार्यक्रमाचा निवेदक केव्हिन मॅकक्लाउड वास्तुविशारद नाही आणि तसा दावाही करीत नाही. तो घर बांधणाऱ्या माणसांना वर्षभर प्रश्न विचारीत हिंडतो, म्हणजे पुन्हा जुन्या काळच्या निवेदकाचेच काम करतो. कदाचित म्हणूनच तो मला आवडतो.

खरी जबाबदारी जेथे ठरते ती जागा पडद्यावर दिसतच नाही. आपल्या राज्यात 2020 च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनुसार नकाशा मंजूर करून घेताना परवानाधारक अभियंत्याची किंवा वास्तुविशारदाची सही लागते आणि इमारतीच्या मजबुतीबाबत संरचना अभियंत्याची. पडद्यावर भिंत पाडताना दाखवतात, पण ती भारवाही आहे की नाही हे आदल्या आठवड्यात तपासून कागदावर सही करणारा मनुष्य दाखवीत नाहीत, कारण कागदावर सही करणे हे दृश्य म्हणून कंटाळवाणे असते. कॅनडातील ‘प्रॉपर्टी ब्रदर्स’ या कार्यक्रमातील जुळ्या भावांपैकी एक परवानाधारक बांधकाम ठेकेदार आणि दुसरा परवानाधारक मालमत्ता दलाल आहे, ही गोष्ट त्यांच्या प्रसिद्धीत सांगितली जाते हे चांगलेच आहे. पण तो परवाना तिकडच्या एखाद्या राज्याने तिकडच्या लाकडी चौकटीच्या घरांसाठी दिलेला असतो, तापीच्या काठच्या काळ्या मातीसाठी नव्हे.

येथे मला एक कबुली देणे भाग आहे. साधारण बारा वर्षांपूर्वी अमळनेरला आमच्या सासूबाईंच्या धाब्याच्या घरात, पांढऱ्या मातीच्या रुंद भिंतींवर, मी अशाच एका कार्यक्रमात पाहिलेला खरखरीत पोताचा रंग मोठ्या हौसेने करून घेतला. आधी सिमेंटचा गिलावा, त्यावर पुट्टी आणि त्यावर प्लास्टिक पेंट. कार्यक्रमातील भिंत जिप्समच्या तक्त्यांची आणि आतून पोकळ होती. सासूबाईंची भिंत जमिनीतली ओल वर खेचून घेणारी आणि उन्हाळ्यात ती बाहेर सोडणारी होती. आम्ही तिचा श्वासच कोंडला. दुसऱ्या पावसाळ्यात गिलाव्याला फुगे आले, तिसऱ्या वर्षी तो पापुद्र्यासारखा सुटला आणि आतली माती ओली भुसभुशीत निघाली. माझ्याकडे पदवी होती, अनुभव होता, वर्गात मी याच विषयावर प्रश्नपत्रिका काढल्या होत्या. सासूबाई काही बोलल्या नाहीत. पुढच्या कानबाईला त्यांनी त्या खोलीतला गिलावा सोलून पुन्हा मातीने आणि चुन्याने भिंत करून घेतली आणि मला फक्त चहा करायला सांगितला. म्हणून केवळ पदवीच्या जोरावर पडद्यावरच्या माणसाला तपासण्याचा अधिकार मी स्वतःकडे घेत नाही.

तर पुतण्याचे घर. गवंड्याचा पहिला आक्षेप वाफ्यांविषयी होता आणि तो शंभर टक्के बरोबर होता. आमची काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की हात जाईल एवढ्या भेगा पडून आकसते. पायालगत वाफे काढून त्यांना रोज पाणी घातले, तर वाफ्याखालची माती फुगलेली आणि घराच्या मध्याखालची कोरडी राहते, पाया असमान उचलला जातो आणि खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरकस तडे जातात. तिकडच्या कार्यक्रमांत भिंतीला चिकटून केलेली फुलझाडे ही जवळजवळ ठरलेली गोष्ट असते. आपल्याकडे तेथे फरशीची किंवा काँक्रीटची उतार दिलेली पट्टी हवी आणि झाडे तिच्यापलीकडे. हे त्या गवंड्याला पुस्तकात वाचून कळले नव्हते, त्याने तडे गेलेली घरे सांधली होती.

गच्चीचे गणित मी मांडले. ओली माती घनमीटरला सुमारे अठराशे किलो भरते. कार्यक्रमातल्याप्रमाणे सहा इंचांचा, म्हणजे पंधरा सेंटिमीटरचा थर केला तर दर चौरस मीटरला दोनशे सत्तर किलो. आयएस 875 या भारतीय मानकाच्या 1987 च्या दुसऱ्या भागात वावर असलेल्या गच्चीसाठी धरायचा भार चौरस मीटरला साधारण दीडशे किलो आहे. तीनशे चौरस फुटांच्या हिरवळीचे वजन साडेसात टनांच्या आसपास गेले आणि ते कायमचे, त्यावर उभी राहणारी माणसे वेगळी. पुतण्याने आकडा ऐकला आणि थोडा वेळ गप्प बसला. शिवाय मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो आणि नळाला दिवसाआड पाणी येते, तेव्हा त्या हिरवळीला काय पाजणार, हा प्रश्न सूनबाईनेच विचारला. हाच पुतण्या शेतात केळीची रोपे लावण्यापूर्वी माती तपासून घेतो, रोपे कोणत्या प्रयोगशाळेची आहेत ते पाहतो आणि ठिबकचा दाब मोजतो. घराच्या बाबतीत मात्र त्याने पडद्यावरच्या गोड आवाजावर भिस्त ठेवली होती.

शेवटी गच्चीवर तुळयांच्या रेषेत, कडेकडेने, चौदा कुंड्या ठेवायचे ठरले. कण्हेर, तगर, सदाफुली, दोन बोगनवेली आणि एक कढीपत्ता. वाफे भिंतीपासून पाच फूट दूर सरकले आणि मधल्या पट्टीत शहाबादी फरशी बसली. दगडी मुलामा मात्र सूनबाईने करून घेतलाच, आणि तो छान दिसतो हे मान्य करावे लागेल. कानबाईच्या दिवशी रोट खायला गवंडीही आला होता. दूरचित्रवाणीवर कोणीतरी लाकडी भिंत हातोड्याने फोडत होता. गवंड्याने दोन मिनिटे उभ्यानेच पाहिले, ‘‘हातोडा बरा धरस,’’ एवढेच म्हणाला आणि पंगतीला जाऊन बसला.